सात बिया आणि एक फकीर: हिंदुस्थानच्या मातीत कॉफी रुजवणारे हजरत बाबा बुडन

कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यात डोंगरांची एक रांग आहे, चंद्रकोरीसारखी वळलेली. जुनं नाव चंद्रद्रोण. पण आज सरकारी नकाशापासून बसच्या पाटीपर्यंत सगळीकडे तिला एका फकिराच्या नावाने ओळखतात: बाबा बुडनगिरी. उंची सुमारे १,९०० मीटर. कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर मुल्लयनगिरी याच रांगेत आहे. वर गवताळ माथे, खाली दाट झाडी आणि त्या झाडीच्या सावलीत मैलोन्‌मैल पसरलेले कॉफीचे मळे.

या डोंगरावर कोणत्याही बादशहाचं नाव नाही. ज्याच्याकडे ना फौज होती ना खजिना, अशा एका दरवेशाचं आहे. का? लोक सांगतात, सात बियांमुळे.

कोण होते बाबा बुडन?

बाबा बुडन यांच्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं तोंडी परंपरेतून आलेलं आहे. त्यांचं चरित्र कुणी दरबारी लेखकाने लिहून ठेवलेलं नाही. फकिरांची चरित्रं अशीच असतात, ती लोकांच्या आठवणीत राहतात.

डोंगरावरच्या गुहेतल्या दर्ग्याशी दोन नावं जोडलेली आहेत. एक हजरत दादा हयात मीर कलंदर आणि दुसरं बाबा बुडन. काही जण ही दोन्ही नावं एकाच बुजुर्गाची मानतात. काहींच्या मते दादा हयात हे आधीचे, अरबस्तानातून आलेले सूफी आणि बाबा बुडन हे त्यांच्या सिलसिल्यातले, त्यांचीच गादी पुढे चालवणारे. कॉफीची कथा मात्र बाबा बुडन याच नावाने सांगितली जाते आणि ती साधारणपणे सतराव्या शतकातली मानली जाते. कुणी सन १६००च्या आसपासचा काळ सांगतं, कुणी १६७०.

कलंदर म्हणजे दुनियेच्या मानमरातबापासून अलिप्त राहणारा फकीर. घरदार नाही, साठवण नाही. जंगलात, डोंगरात, गुहेत बसून अल्लाहची इबादत करायची आणि दारात येईल त्याला जे असेल ते द्यायचं. बाबांनी हाच रस्ता धरला होता. दारात येणाऱ्यांत मुसलमान होते, हिंदू होते, रानात राहणारे गोरगरीब होते. त्याच गुहेला दत्तात्रेयांचं स्थान मानणारे भाविकही तिथे यायचे. कोण कुणाच्या नावाने डोकं टेकवतो, यावरून कुणाला परत पाठवलं जात नव्हतं.

कहवा: रात्र जागवणारं पेय

आता थोडं येमेनकडे वळू. कारण बाबांची गोष्ट तिथल्या डोंगरांशिवाय पूर्ण होत नाही.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या उंच जंगलांमधलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. लाल समुद्र ओलांडून ते येमेनमध्ये आलं. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून हे पेय पीत. त्याला ते कहवा म्हणत आणि बीला बुन्न. आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंद म्हणत, तो शब्द याच बुन्नचा भाऊ. मोखा बंदरात अली इब्न उमर अश-शाजिली या बुजुर्गांचं नाव कहव्याशी कायमचं जोडलं गेलेलं आहे.

सगळ्यांना हे पटलं नाही. १५११ साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने उलेमा आणि हकीम जमवून कहव्यावर बंदी घातली. हे पेय नशा आणतं का, लोक जमून भलत्याच गप्पा मारतात का, असे प्रश्न निघाले. पण ही बंदी फार टिकली नाही. कैरोच्या सत्तेनेच ती सैल केली. त्याच शतकात कहवाखाने इस्तंबूलपर्यंत पोहोचले.

हिंदुस्थानातही कहवा माहीत होता. इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ साली इथे पोहोचला. मुघल मुलखात दारू न पिणारे दीनदार लोक हे काळं पेय पितात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे पेय आलं होतं, झाड आलं नव्हतं. बिया यायच्या त्या मोखाहून, जहाजाने, व्यापाऱ्यांच्या भावाने.

आणि त्या बिया पेरून उगवायच्या नाहीत. येमेनच्या व्यापाऱ्यांनी बी बाहेर देताना ते उकळून किंवा भाजून द्यायचं, असा कडक रिवाज पाळला होता, असं सांगतात. जगाला कॉफी विकायची, पण कॉफीचं झाड कुणाला द्यायचं नाही. आजच्या भाषेत मक्तेदारी म्हणा.

हजचा प्रवास आणि सात बिया

परंपरा सांगते की बाबा बुडन हजला गेले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरून हजची जहाजं सुटायची. सुरत सर्वांत मोठं बंदर, पण आपल्या कोकणातलं दाभोळही हाजींच्या वर्दळीचं. मौसमी वाऱ्यांच्या भरवशावर जायचं, वारे फिरले की परतायचं. मधले महिने अरबस्तानात.

परतीच्या वाटेवर बाबा येमेनमध्ये मोखाला आले. तिथे त्यांनी कॉफीची झाडं पाहिली आणि सात ताज्या बिया घेतल्या. कुणी सांगतं त्यांनी त्या कमरपट्ट्यात लपवल्या, कुणी सांगतं छातीशी बांधल्या, कुणी तर दाढीत लपवल्याचंही सांगतं. सातच का? मुसलमानांना सात हा आकडा जवळचा. काबाचे तवाफ सात, सफा-मरवाच्या फेऱ्या सात. हज करून निघालेल्या माणसाच्या मनात सातच आकडा यावा, यात नवल नाही.

या कथेतली एक बारीक गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल. कॉफीचं बी ज्वारी-बाजरीच्या बीसारखं वर्षानुवर्षं टिकत नाही. वरच्या पातळ टरफलासकट, ओल राखून ठेवलं तर काही महिनेच त्यात जीव राहतो. कडक वाळलं की मेलं. म्हणजे समुद्र पार करून, मग घाट चढून, वेळेत ते मातीत पडायला हवं. आणि दुसरी गोष्ट: अरेबिका जातीची कॉफी स्वतःच्याच परागाने फळते. तिला शेजारी दुसरं झाड लागत नाही. म्हणून सात बियांतून, खरं तर एका बीतूनही, अख्खा डोंगर भरू शकतो.

ही चोरी होती का?

हा प्रश्न आजही कुणी ना कुणी विचारतो. हजहून परतणारा माणूस लपवून बिया आणतो, हे कसं? प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. रिवाज मोडला हे खरं. पण ते बी कुणाच्या बागेत तयार झालेलं नव्हतं. ते इथिओपियाच्या रानातून आलं होतं, तिथल्या लोकांनीही कुणाला अडवलं नव्हतं. बाबांनी सात बिया आणल्या, सात पोती नाही. त्यांनी पेढी उघडली नाही, मळा विकला नाही, झाडांभोवती पहारा बसवला नाही. आपल्या गुहेजवळ बिया लावल्या आणि झाडं फळली तेव्हा बी लोकांच्या हातात गेलं. आमाल नियतीवर ठरतात, हे तर आपण लहानपणापासून शिकत आलो. हेच बी पुढे इतरांच्या हातात गेलं तेव्हा काय झालं ते पाहिलं, की नियतीचा फरक कळतो.

बी मोठं झालं, बोटीवर चढलं

बाबांच्या डोंगरावरून कॉफी हळूहळू आजूबाजूच्या परसांत पसरली. मलबार किनाऱ्यावरही ती पोहोचली. तिथे डच व्यापारी बसलेले होते. १६९६ साली त्यांनी मलबारहून कॉफीची रोपं जावा बेटावर नेली. ती टिकली नाहीत. १६९९ साली पुन्हा नेली, ती जगली. तिथून १७०६ साली एक झाड अॅमस्टरडॅमच्या वनस्पती बागेत गेलं. १७१४ साली त्याचं एक रोप फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट मिळालं. मग फ्रेंचांनी ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेलं. लॅटिन अमेरिकेतल्या कॉफीचा एक मोठा वंशवृक्ष या प्रवासातून वाढला आहे.

पण कसा वाढला? जावात शेतकऱ्यांना कॉफी पिकवून ठरलेल्या भावाने डचांना द्यायची सक्ती झाली. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर मळे उभे राहिले. ज्या फळाचं मूळ घर आफ्रिका, त्याच आफ्रिकेच्या माणसांना साखळ्या घालून तेच फळ तोडायला लावलं. बी तेच, झाड तेच. फकिराच्या हातात ते दान होतं, कंपनीच्या हातात गुलामगिरी झालं.

हिंदुस्थानातही इंग्रजांच्या काळात मोठे मळे सुरू झाले. १८३०च्या सुमारास कॅनन नावाच्या इंग्रजाने बाबा बुडनगिरीच्या दक्षिणेला मळा लावला, तो सुरुवातीच्या मोठ्या मळ्यांपैकी एक मानतात. मग १८६९ साली सिलोनमध्ये पानांवरचा तांबेरा रोग दिसला आणि लवकरच तो इकडेही आला. मूठभर बियांतून वाढलेल्या झाडांची हीच कमजोरी: सगळी एकाच रक्ताची, एकाला रोग लागला की सगळ्यांना. सिलोनने कॉफी सोडून चहा धरला. आपल्याकडे मात्र शोध चालू राहिला. १९२५ साली चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती तिथे तयार झाल्या आणि त्यातली एस ७९५ आजही शेतकऱ्यांची आवडती आहे.

जंगल न तोडता शेती

बाबांनी कॉफी लावली ती जंगलात. तिथे उघडं रान नव्हतंच. पण हीच गोष्ट पुढे या डोंगराची ओळख ठरली. जगात अनेक ठिकाणी जास्त उत्पन्नासाठी झाडं तोडून उघड्या उन्हात कॉफी लावतात. चिकमगळूरमध्ये अजूनही बहुतेक कॉफी सावलीत होते. वर फणस, उंबर, शिसव, पांगारा आणि सिल्व्हर ओक. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. खाली कॉफी. आणि जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर.

ही सावली फुकटची शोभा नाही. पाला कुजून खत होतं. मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. पांगारा हवेतला नत्र जमिनीत आणतो. अरेबिकाचा सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याला ऊन खाणारी झाडं आवडतात, दाट सावलीत त्याचा जोर कमी पडतो. आणि उंचीवरच्या थंड हवेत, सावलीत फळ हळू पिकतं. हळू पिकलं की बीत गोडी आणि सुगंध भरतो. पोत्याचं वजन थोडं कमी, पण कपातली चव वेगळी.

वर्षाचं चक्र असं चालतं. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस पडतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा डोंगर पांढऱ्या फुलांनी भरतो, वास जाई-मोगऱ्यासारखा. ही फुलं दोन-तीन दिवसच टिकतात. तो पाऊस चुकला तर वर्ष चुकलं. मग पावसाळाभर फळ वाढतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून तोडणी सुरू होते.

चांगल्या कॉफीचं खरं काम तोडणीतच आहे. एका फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळं एकत्र असतात. फक्त लाल तोडायची. त्यासाठी त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. हे काम यंत्र करत नाही. उतारावर कमरेला टोपली किंवा पिशवी बांधून मजूर बाया ते करतात. संध्याकाळी फळं पाण्यात टाकतात. पोकळ तरंगतात, ती काढून टाकतात. मग त्याच दिवशी साल काढायची. बीवर बुळबुळीत गर राहतो, तो हौदात साधारण दिवसभर आंबवून सैल करतात आणि धुऊन काढतात. एखादा तास जास्त झाला तरी आंबूस वास बीत उतरतो, मग कितीही भाजा, जात नाही. नंतर खळ्यावर किंवा जाळीच्या मांडवावर पातळ पसरून, दिवसातून अनेकदा फिरवून, ओल दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवायचं. साधारण सहा किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते.

एवढ्या हातांतून गेल्यावर ती आपल्या कपात येते. २०१९ साली बाबा बुडनगिरीच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्याच्या कागदावर कॉफीसोबत फकिराचं नाव चढलं. आपल्या महाराष्ट्रात मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते. तिथलाही उंच डोंगर, थंड हवा आणि सावली.

आज डोंगरावर काय चाललंय?

सगळं छान आहे असं सांगून हा लेख संपवता आला असता. पण तसं नाही.

पाऊस आता वेळ पाळत नाही. फुलांच्या वेळी दडी मारतो आणि वाळवणीच्या वेळी येऊन खळ्यावरची कॉफी भिजवतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या मुडिगेरे तालुक्यात दरडी कोसळल्या, घरं आणि मळे वाहून गेले. खर्च वाढला की शेतकऱ्याला मोह होतो: जुनी रानझाडं काढा, एकजात सिल्व्हर ओक लावा, लाकडाचेही पैसे येतील. कुणी अरेबिका सोडून उन्हाला आणि किडीला सोसणारी रोबस्टा लावतं. त्याला दोष देणं सोपं आहे, पण चांगल्या फळाला चांगला भाव मिळाला नाही तर सावली सांभाळायची कुणी? आणि तोडणीच्या बाईला तिच्या कष्टाचा मोबदला मिळतो की नाही, हाही प्रश्न त्या कपातच आहे.

दुसरं दुखणं दर्ग्याचं. शतकानुशतकं हिंदू आणि मुसलमान एकाच गुहेत येत राहिले. कागदोपत्री नाव पाहा: श्री गुरु दत्तात्रेय स्वामी बाबा बुडन दर्गा. दोन्ही नावं एकाच ओळीत. गेल्या काही दशकांत मात्र ही जागा नेमकी कुणाची यावर भांडणं उभी राहिली. १९७०च्या दशकापासून प्रकरण कोर्टकचेऱ्यांत आहे. तिथे पूजा कोण करणार, मुजावर कोण, यावर हुकूम निघतात, रद्द होतात, पुन्हा निघतात. उत्सव आणि उरुसाच्या दिवसांत पोलिसांचा बंदोबस्त असतो. निकाल कायद्याने लागो, शांततेत लागो, ही अपेक्षा. पण ज्या माणसाने आयुष्यात काही साठवलंच नाही, त्याच्या दारात मालकीचं भांडण व्हावं, हे पाहून वाईट वाटतं.

बाबांची शिकवण बाबांच्या झाडात

बाबा बुडन यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांची शिकवण शोधायची तर डोंगराच्या उतारावर जावं लागेल. तिथे कॉफीचं झाड मोठ्या झाडाच्या सावलीत उभं असतं, मिरीचा वेल शिसवाच्या आधाराने चढतो, पांगारा दुसऱ्यांसाठी जमीन सुपीक करतो. प्रत्येकाची जात वेगळी, पण सगळी एकाच मातीवर. एक तोडलं की दुसऱ्याला ऊन लागतं.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपल्याला माहीत आहे: मुसलमानाने झाड लावलं आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्लं, तर ते त्याच्या नावे सदका होतं. बाबांच्या सात बियांचा हिशोब या तराजूवर करून पाहा. किती शतकं, किती माणसं, किती पाखरं. तो हिशोब अल्लाहलाच ठाऊक.

आपल्या हातात एवढंच आहे. पुढच्या वेळी कॉफीचा कप उचलाल तेव्हा मुलांना या फकिराचं नाव सांगा. ती कॉफी सावलीतली आहे का, कुणी तोडली, त्याला काय मिळालं, हे विचारा. आणि जमलं तर या पावसाळ्यात दारात, मस्जिदीच्या आवारात किंवा कब्रस्तानात एक रोप लावा. सावली कुणावर पडेल याची चिंता न करता लावा. बाबांनी तेच केलं होतं.